कुत्र्याचं रोश हाशाना आणि रुसलेली आजी

पत्र (थोडं कापून देतेय):

"नमस्कार ताई. मी ६८ वर्षांची, ठाण्याला असते, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मुलगा इस्रायलमध्ये बेरशेबाला सेटल झालाय, सून अमेरिकेतनं आलेल्या ज्यू घरातली, स्वभावाने चांगली आहे पण घरात तिचंच चालतं. नात ११ वर्षांची, तिने रस्त्यावरचं एक कुत्रं घरी आणून ठेवलंय. आता यांचं नवीन काय, तर हिब्रू एलूल महिन्याच्या पहिल्या तारखेला म्हणे प्राण्यांचं रोश हाशाना, म्हणजे नवीन वर्ष असतं, त्या दिवशी कुत्र्याला रिबिनबिबिन बांधून बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणायची, आणि ती मी म्हणायची, व्हिडिओ कॉलवर! उभ्या आयुष्यात हा सण मी ऐकला नाही. आमचे हे फॅमिली ग्रुपवर लिहून मोकळे झाले की हा तर सरळ आपल्याकडचा पोळा, ज्यूंमध्ये कुठनं आला, नुसती फॅडं. झालं, चार दिवस ग्रुपवर सुनेचा साधा अंगठा पण नाही. त्यात सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं रोश हाशानाला तिकडे जाणार तर आधीच मेसेज आला की आमच्या किचनमध्ये आता मटण शिजत नाही. मी नातीला सहज म्हटलं, अगं बकरी देवाने खायलाच केलीय, तर पोरगी फोन टाकून रडत गेली. माझं काय चुकलं? आणि हा सण खरा की खोटा तेवढं एकदा सांगा. – रुसलेली आजी"

मावशी,

तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं उलट्या क्रमाने वाचली तर बरं, कारण सण खरा की खोटा हा प्रश्न सोपा आहे आणि पोरगी रडत गेली हा अवघड. पण तुम्ही विचारलंय तर सोपा आधी घेते, आणि मी पण अलिबागकडचीच, आपल्यातलीच, त्यामुळे थोडं मोकळं बोलले तर रागावू नका.

तारीख खरी आहे. अगदी जुनी आहे. मिश्नामध्ये, म्हणजे आपल्या जुन्या नियमांच्या ग्रंथात, रोश हाशाना नावाचाच जो भाग आहे ना त्याची सुरुवातच अशी होते की नवी वर्षं चार. एक निसानच्या पहिल्या तारखेला, राजांचं आणि सणांचं. एक एलूलच्या पहिल्या तारखेला, गुराढोरांच्या दशमांशाचं. एक तिश्रीच्या पहिल्या तारखेला, जे आपण मधात सफरचंद बुडवून करतो ते. आणि एक झाडांचं, शेवात महिन्यात. आता त्यातही त्यांच्यात एकमत नाहीच, दोन रब्बी (धर्मगुरू) म्हणतात छे, गुरांचं पण तिश्रीतच धरा, पण एलूलचं नाव पुस्तकात चढलं ते चढलंच. मिश्ना साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला गालीलमध्ये बांधली गेली, म्हणजे काकांना सांगा की हे फॅड अठराशे वर्षांचं तरी आहे.

पण सूनबाई जे करतेय ते जुनं नाही, हेही तेवढंच खरं. त्या काळी त्या दिवशी कोणी गाईला ओवाळत नव्हतं की कुत्र्याला रिबिन बांधत नव्हतं. तो हिशोबाचा दिवस होता, आपल्याकडे ३१ मार्च असतो ना, तसा. या वर्षात जन्मलेली कोकरं, करडं, वासरं ती या वर्षाच्या खात्यात, पुढची पुढच्या खात्यात, एका वर्षाची दुसऱ्या वर्षात घालून दहावा हिस्सा काढायचा नाही, म्हणून वर्षाची रेघ कुठेतरी मारायला लागते, ती एलूलला मारली. एवढंच.

आणि मोजायचे कसे माहितीये का? हे मला फार आवडतं, नातीला नक्की सांगा. सगळी पिल्लं एका वाड्यात कोंडायची आणि वाड्याला दार ठेवायचं अरुंद, इतकं अरुंद की दोन एकदम बाहेर पडू शकणार नाहीत. आया बाहेर उभ्या. त्या बाहेरून ओरडतात आणि आईचा आवाज ऐकून पिल्लं आपणहून दाराकडे धावतात, कोणी हाताने ओढून काढायचं नाही. मालक दारात काठी घेऊन उभा, एक, दोन, तीन, चार... आणि दहावं आलं की त्याच्या पाठीवर लाल रंगाची खूण, आणि म्हणायचं, हा दशमांश. चांगलं-वाईट निवडायचं नाही, जे दहावं आलं ते आलं, मग ते लंगडं असो की कळपातलं सगळ्यात देखणं. आता यात गडबड झाली तर? त्याचेही नियम आहेत. मोजताना चुकून नवव्याला दहावं म्हटलं, दहाव्याला नववं, आणि अकराव्याला दहावं, तर तिन्ही पवित्र! आणि माझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे मोजून बाहेर गेलेल्यांपैकी एखादं आगाऊ कोकरू उडी मारून परत आतल्या न मोजलेल्यांत घुसलं, तर आता ते कुठलं ओळखणार कसं, म्हणून आतली सगळीच्या सगळी सुटली, कोणालाच दशमांश नाही. एका वांड पोराने अख्ख्या वर्गाची परीक्षा रद्द करावी तसं.

त्या दहाव्याचं पुढे काय व्हायचं हे नातीपासून लपवू नका, पण पहिल्या दमात सांगूही नका. ते यरुशलेमला जायचं, रक्त आणि चरबी वेदीवर, मांस मालकाच्या घरच्यांनी तिथेच बसून खायचं. इसवी सन ७० मध्ये रोमन लोकांनी मंदिर पाडलं, मग वेदी नाही तर दशमांश कसला, आणि ही तारीख नुसती पुस्तकात राहिली. शतकानुशतकं कोणी तिच्याकडे बघितलं नाही. मग २००९ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही प्राणीप्रेमी आणि पर्यावरणवाल्या ज्यू मंडळींनी ती उचलली आणि म्हटलं, जुन्या हिशोबाच्या दिवशी आपण वेगळा हिशोब करू, आपण पाळलेल्या जनावरांशी कसे वागतो याचा. काही जण शेतावर जाऊन बकऱ्यांसमोर शोफार (मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा) वाजवतात, काही घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी दोन शब्द म्हणतात. तुमची सून अमेरिकन घरातली, म्हणजे तिने हे तिकडूनच आणलं असणार.

म्हणजे थोडक्यात तारीख जुनी, सण नवा. आणि सुनेला पण हे असंच कबूल करायला लावा, "दोन हजार वर्षांपासून चालत आलेला सण" असं पोरीच्या डोक्यात भरवू नका म्हणावं, कारण उद्या ती स्वतः वाचेल आणि मग आईवरचा विश्वास जाईल.

आता तुम्ही म्हणाल, बघा, मी म्हटलं नव्हतं, खोटाच! थांबा मावशी. तुमच्या घरी तु बिश्वातला काय करता? मलिदा करता ना? पोहे भिजवून, गूळ-खोबरं घालून, वर वेलची, बेदाणे, पाच फळं, एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन? खंडाळ्याला (घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं) लहानपणी कधीतरी गेलाच असाल त्या दिवशी, खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे म्हणतात तिथे. तर तो तु बिश्वात म्हणजे कोण? तो त्याच चार वर्षांमधला चौथा, झाडांचा. तोही मुळात टॅक्सचाच दिवस, कुठल्या झाडाचं फळ कुठल्या वर्षाच्या दशमांशात धरायचं यासाठीची रेघ! मंदिर गेल्यावर त्यालाही काही काम उरलं नव्हतं, मग सोळाव्या शतकात गालीलमधल्या त्झफातच्या कब्बालावाल्यांनी, म्हणजे गूढविद्येच्या ज्यू मंडळींनी, त्याला फळं खायचा सण केला, आणि कोकणात आपल्या बायकांनी त्याला एलियाहू हानाबीचा उरूस केला. आपण तर तारखेला थेट नवीन देवमाणूस जोडून दिला हो, मिश्नात कुठे लिहिलंय मलिदा करा म्हणून? आणि हनुक्का, तो दिव्यांचा सण? आपल्या पूर्वजांना हनुक्का माहीतच नव्हता, कोचीनची मंडळी येऊन शिकवून गेली तेव्हा कळला. आज तुमच्या नातीच्या शाळेत तुम्ही जाऊन सांगाल का की हनुक्का खोटा म्हणून?

आपल्या आजीच्या तोंडी सणांची नावं काय होती आठवतायत? नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणीचा सण, बिरड्याचा सण. यातलं एकही नाव हिब्रू नाही. एलूलच्या उपासांना आपले लोक चक्क रमजान म्हणायचे, आणि सिनेगॉगला मशीद. समुद्रावरनं जे आलं ते घेतलं, शेजाऱ्याचा शब्द लावला, आणि शेमा, देव एकच म्हणणारी ती प्रार्थना, तेवढी घट्ट धरून ठेवली. अशा घरातल्या आजीने "आपल्यात असलं नसतं" म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतंय.

काकांच्या पोळ्याबद्दल. खरं सांगू, त्यांचं निरीक्षण वाईट नाहीये, निष्कर्ष चुकलाय. पोळा श्रावणी अमावास्येला, आणि हिब्रू महिना चंद्र नवा झाला की सुरू, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी येतात. २०२४ ला पोळा २ सप्टेंबरला आणि एलूलची पहिली ४ सप्टेंबरला होती. २०२५ ला पोळा २२ ऑगस्ट, एलूलची पहिली २५ ऑगस्ट. पण यंदा बघा, २०२६ ला एलूलची पहिली १४ ऑगस्टला आणि पोळा पार सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण आपल्याकडे यंदा अधिक ज्येष्ठ आला आणि हिब्रू कॅलेंडरचा जास्तीचा अदार महिना पुढच्या वर्षी येतोय. दोघंही चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाला गाठायला मधूनच एक महिना घुसवतात, फक्त एकाच वेळी नाही. कॉपी असती तर बरोबर आली असती ना. आणि दिवस तरी कुठे सारखे आहेत, पोळ्याला बैलाची खांदेमळणी, शिंगांना रंग, पुरणपोळी, त्या दिवशी त्याला जू नाही. त्या मिश्नावाल्या दशमांशात बिचाऱ्या कोकरांना काय, तर काठी आणि लाल खूण. त्यापेक्षा बैल असणं परवडलं.

पण बैलावरनं एक सांगायचंय, आणि ही गोष्ट माझ्या मते तुम्ही नातीला त्या दिवशी सांगायची खरी गोष्ट आहे. तिकडचं कोणी तिला सांगू शकणार नाही, तुम्हीच सांगू शकता.

आपण कोण? शनिवार तेली. कोकणात आपल्याला लोक याच नावाने ओळखायचे, तेल गाळणारे आणि शनिवारी काम न करणारे. शेकडो वर्षं पोथी जवळ नव्हती, हिब्रू विसरलो होतो, रब्बी नव्हता. पण शनिवार होता. आता विचार करा, घाणा चालवतं कोण? तेली नाही हो, बैल. डोळ्यांना झापड लावून दिवसभर गोल गोल फिरणारा बैल. आणि शनिवारी तेली बसला की घाणा बंद, म्हणजे तो बैल पण बसला. माझी आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांच्या घाण्याचा बैल शुक्रवारी दिवेलागणीला झापड सोडली की आपणहून गोठ्याकडे चालू लागायचा आणि शनिवारी सकाळी गडी कामाला आला तरी मान वळवायचा नाही. आता आजीने त्यात मीठमसाला किती घातला असेल देव जाणे, पण तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतीची) आज्ञा वाचा, दुसऱ्या वेळी जिथे दहा आज्ञा येतात तिथे नाव घेऊन लिहिलंय, तू काम करायचं नाहीस, तुझा मुलगा, मुलगी, चाकर, तुझा बैल, तुझा गाढव. बैलाला नाव घेऊन सुट्टी. वर्षाला ५२. काकांना म्हणावं, पोळ्याच्या बैलाला हे कळलं तर तो धर्म बदलेल.

तोरामध्ये अशा गोष्टी भरपूर आहेत, आणि त्या शेतकऱ्याच्या आहेत, त्यामुळे आपल्याला चटकन कळतात. मळणी करताना बैलाला मुसकं बांधू नकोस. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नकोस, एकाचं पाऊल मोठं एकाचं लहान, दोघांचे हाल. शत्रूचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तरी हात लाव. आणि तालमूदमधलं, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथातलं एक, हे घरात आजपासून करता येईल असं, की जनावराला घातल्याशिवाय आपण पहिला घास घ्यायचा नाही, कारण शेमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आधी "तुझ्या गुरांसाठी रानात गवत देईन" येतं आणि मग "तू खाशील आणि तृप्त होशील". शेमा तुम्हाला पाठ आहे. क्रम तोंडपाठ असून लक्षात कधी आला नसेल. माझाही नव्हता आला, एकदा शुक्रवारी मी ताट वाढून बसले आणि मांजर पायाशी ओरडतंय, मी म्हणतेय थांब गं जरा, तेव्हा माझ्या मोठ्या दिराने सांगितलं. त्यानंतर आधी तिची वाटी.

कुत्र्याला तसा या तारखेशी काही संबंध नाही हं, खरं सांगायचं तर. दशमांश फक्त गाई-बैल, मेंढ्या आणि बकऱ्यांचा. पण कुत्र्याचं स्वतःचं वेगळं खातं आहे. मिसरमधून (इजिप्तमधून) निघालो त्या रात्री एकही कुत्रं आपल्यावर भुंकलं नाही असं तोरा सांगतो, आणि पुढे म्हणतो, रानात फाडलेल्या जनावराचं मांस तुम्ही खाऊ नका, कुत्र्यांना टाका. राशी नावाचा तोराचा जुना टीकाकार तिथे लिहितो की ही त्या रात्रीची बक्षिसी. गप्प राहिल्याचं बक्षीस! नातीला हे सांगा, तिचं कुत्रं रात्री भुंकत असेल तर उपयोगी पडेल.

आता अवघड प्रश्न. "बकरी देवाने खायलाच केलीय."

मावशी, हेच वाक्य आपल्या एका फार मोठ्या माणसाने म्हटलं होतं. रब्बी येहुदा हानासी. ज्याने मिश्ना बांधली, ज्याच्या पुस्तकात ही एलूलची तारीख आहे, तोच. तालमूदमध्ये गोष्ट आहे की एका वासराला कापायला नेत होते, ते सुटून त्याच्याकडे आलं, त्याच्या अंगरख्यात डोकं खुपसून रडायला लागलं. तो म्हणाला, जा बाबा, तू त्यासाठीच निर्माण झालायस. बरोबरच बोलला की, नियमाने बोलला, वासरू कोशेर (खायला चालणारं), कसाई शोखेत (नियमाने कापणारा), कुठे काही चूक नाही. पण त्यानंतर त्याला असह्य दुखणं लागलं, तेरा वर्षं. वर स्वर्गात म्हणाले, याने दया केली नाही, याच्यावर पण नको. आणि दुखणं गेलं कधी, तर एकदा मोलकरीण घर झाडताना मुंगसासारख्या कसल्या तरी प्राण्याची पिल्लं झाडून काढत होती तेव्हा हा म्हणाला, राहू दे गं त्यांना, लिहिलंय ना, त्याची दया त्याच्या सगळ्या निर्मितीवर आहे.

तुम्हाला तेरा वर्षं दुखणं लागेल असं मी म्हणत नाहीये, एवढं घाबरू नका. पण त्या रब्बीने मटण सोडलं असंही तालमूद सांगत नाही. त्याचं चुकलं ते खाण्यात नाही, त्या क्षणाला, समोर रडणारं लेकरू अंगरख्यात तोंड खुपसून उभं असताना नियम ऐकवण्यात. तुमचंही तेच झालं. पोरीने नुकतं रस्त्यावरचं एक जनावर कुशीत घेतलंय, तिला आत्ता जगातलं प्रत्येक जनावर तेच वाटतंय, आणि तुम्ही तिला वरणभाताइतक्या सहज ऐकवलंत की ती खायची वस्तू आहे. तिला फोन करा, लहान असली तरी सरळ म्हणा, माझं चुकलं, तुझ्या कुत्र्याच्या वेळी मी भलतंच बोलले. मटण खाणं चूक असं म्हणायची गरज नाही, तुम्हाला तसं वाटत नाही तर का म्हणायचं, पोरांना खोटी माफी लगेच कळते. आणि ही रब्बीची गोष्ट त्या फोनवर सांगा. त्याच्यासारखा माणूस चुकतो तर आजी चुकणारच.

मटणाचं म्हणाल तर किचन तिचं, नियम तिचा. तुमच्या सासूने ठाण्याच्या किचनमध्ये तुम्हाला काय काय चालू दिलं होतं ते आठवा. आपलं म्हणणं बरोबर आहे असं काकांना वाटत असेल तर त्यांना तालमूद दाखवा, त्याच्या पेसाहिम नावाच्या भागात आहे, मंदिर उभं होतं तोवर मांसाशिवाय सणाचा आनंद नाही, आणि आता मंदिर नाही तर आनंद द्राक्षारसाने. मटण नसलं तरी सण पुरा होतो, हे कोणी शाकाहारी संघटनेने नाही लिहिलेलं. आणि आपलं अर्धं सणाचं जेवण तसंही बिनमांसाचंच असतं. खजूर, डाळिंब, लाल भोपळा, चवळी, हे रोश हाशानाच्या ताटात लागतंच. बोकडाच्या मुंडीऐवजी कोबीचा गड्डा ठेवा, त्यालाही डोकंच म्हणतात, काका चार दिवस टोमणे मारतील आणि मग त्याचीच भाजी खातील. तुम्ही मात्र जाताना गव्हाचा चीक वाळवून घेऊन जा, किंवा नुसता गहू घ्या, तिकडे नारळाचं दूध डब्यात मिळतंच. चिकाचा हलवा ढवळायला तीन माणसं लागतात, सुनेला एक तास ढवळू द्या, नातीला एक तास, मधे तुम्ही. त्यात ना मांस ना दूध, कुठल्याही जेवणानंतर चालतो. तिने तुमच्याशी चार दिवस अबोला धरला म्हणताय, कढईवर उभं राहून अबोला धरता येत नाही, कोणीतरी "लागतंय खाली" म्हणतंच.

एक सांगू? पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा राग कुत्र्यावर नाही आणि सणावर तर अजिबात नाही. तिकडे एक अख्खं घर तुमच्याशिवाय नवीन सवयी लावून घेतंय आणि तुम्हाला सगळं ठरल्यावर मेसेजने कळतं, ते लागलंय. ते लागणारच. पण या एका गोष्टीत बघा, त्यांनी तुम्हाला आधी विचारलंय. बराखा आजीनेच म्हणावी असं पोरीला वाटलं. ठरलेल्या मेनूची खबर नाही आली, मानाचं काम आलंय. ते तुम्ही परत पाठवताय.

बराखा मात्र नवीन बनवून म्हणू नका. देवाचं नाव घेऊन जी बराखा आपल्याकडे नाहीच ती म्हणायची नसते, यावर तुमची शंका बरोबर आहे आणि सुनेला तसं स्पष्ट सांगा. त्याची गरजही नाही. अश्रे तुम्ही रोज म्हणता, स्तोत्र १४५, लहानपणापासून. त्यात दोन ओळी आहेत, एक "वेराहामाव अल कोल मासाव", त्याची दया त्याच्या सगळ्या निर्मितीवर, तीच, त्या रब्बीने पिल्लांसाठी म्हटलेली. आणि दुसरी "पोतेआह एत यादेखा", तू हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाला तृप्त करतोस. या दोन ओळी कुत्र्यासमोर म्हणा, मराठीत अर्थ सांगा, नातीचं मराठी पण सुधारेल. मग तिला सांगा आधी त्याची वाटी भर, मग आपण खाऊ, तुम्ही इकडे, ती तिकडे. पाच मिनिटांचं काम आहे.

वेळेचं बघून घ्या. यंदा एलूलची पहिली १४ ऑगस्ट, शुक्रवार, म्हणजे गुरुवारी सूर्य मावळल्यापासून. शुक्रवारी त्यांच्याकडे दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडे अडीच, तेव्हा कॉल करा, दोन्हीकडे शब्बाथला भरपूर वेळ उरतो. कुत्र्याची ती रिबिन दिवे लागायच्या आत सोडा, पट्टा राहू दे. शब्बाथला जनावराने सांभाळापुरतं काय घालून बाहेर पडावं आणि काय नाही यावर मिश्नात अख्खा अध्याय आहे, रब्बी एलाझार बेन अझारियाच्या गाईच्या शिंगांमध्ये पट्टा असायचा म्हणून बाकीचे नाराज होते, आणि तालमूद म्हणतो की गाय त्याची नव्हतीच, शेजारणीची होती, पण तो तिला काही बोलला नाही म्हणून त्याच्या नावावर लागली. त्यामुळे काकांनी ग्रुपवर जे लिहिलं ते सध्या तुमच्याही नावावर आहे, तेही बघा जरा.

आणि शोफार घरात वाजवणार असतील तर कुत्र्याला आधी दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा, त्यांचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात. तिकडे गेल्यावर मलिदा केलात किंवा किद्दूशला (शब्बाथ-सणाच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला) मनुकांचं सरबत केलंत तर त्यातलं कुत्र्याला अजिबात द्यायचं नाही, द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याच्या किडनीवर जातात, थोडेसुद्धा बाधू शकतात, आणि आजीच्या हातचं म्हणून नात नक्की चारायला जाईल. त्याला वेगळे साधे पोहे काढून ठेवा, बिनसाखरेचे, बिनमिठाचे, पाण्यात भिजवून.